थिजलेला मध

हडपसर,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. धम्मदीप,

जयभीम आणि आशीर्वाद.

हे तिसरं पत्र. पहिली दोन मिळाली का, असं विचारत नाही, कारण मिळाली असणार. हडपसरहून शनिवार पेठ म्हणजे बसने फार तर तासाभराचा रस्ता. पण तुझ्या खोलीवर यायची मला मनाई आहे आणि फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, तेव्हा पाकीट आणि तिकीट एवढंच हातात उरलं. पत्ता आईच्या वहीतून घेतला. तिला सांगून घेतला, चोरून नाही.

पत्राचं कारण तुझी आई. तिला दोन आठवडे खोकला आहे. काळजीचं काही नाही, डॉक्टरांनी छाती तपासली, स्वच्छ आहे. गोळ्या दिल्या आणि वर म्हणाले, आल्याचा रस मधातून घ्या. म्हणून मी मध आणायला गेलो.

तू हसशील. हस. एकतीस वर्षं मी वजनमापं तपासली. काट्याच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक लांबून ओळखणारा माणूस, दुकानातल्या फळीसमोर पाऊण तास नुसता उभा होतो. चौदा प्रकारचे मध. हिमालयातला, जंगलातला, कच्चा, सेंद्रिय, लहान मुलांसाठी चॉकलेटचा. चौदाही बाटल्यांवर 'शुद्ध' लिहिलेलं. मी तिथल्या मुलीला विचारलं, अशुद्ध कुठला आहे तो दाखवा, म्हणजे उरलेल्यांतून निवडतो. ती म्हणाली, "अंकल, तो अभी स्टॉकमध्ये नाहीये." ती चेष्टा करत नव्हती. मी रिकाम्या हाताने परत आलो.

तर प्रश्न असा, की शुद्ध मध ओळखायचा कसा? तुला विचारण्यासारखं दुसरं कुणी मला माहीत नाही.

गेल्या वर्षीचं म्हणशील, तर जे मी केलं ते मी नाकारत नाही. तू कंपनीतली नोकरी सोडून मधाचं दुकान काढलंस, ते मला पटलं नव्हतं. घरी दिलेली तुझी बाटली डिसेंबरात थिजली, अर्ध्यापर्यंत पांढरे दाणे धरले. मी ते पाहिलं आणि म्हणालो, साखर. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि लिहिलं, 'माझ्या मुलाच्या दुकानातला असला तरी सांगणं कर्तव्य आहे, घेऊ नये.' एवढं माझं. त्यानंतर कुणीतरी अन्न-औषध खात्याकडे अर्ज केला, तुझ्या दुकानात नमुना घ्यायला माणसं आली, कुठल्या गिऱ्हाइकाने त्याचा व्हिडिओ काढून गावभर फिरवला आणि मार्चमध्ये तू शटर ओढलंस. आता लोक अर्ज करतात, त्याला मी काय करणार? नमुन्याचा अहवाल चांगला आला, हेही मला माहीत आहे. पण दुकानदार नमुन्याला कोणती बाटली पुढे करतो, हेही मी एकतीस वर्षं पाहिलं आहे.

हे शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. राहू दे.

मधाचं कळव. पोस्टकार्डावर कळवलंस तरी चालेल.

बाबा


हडपसर,
३ डिसेंबर २०२४

चि. धम्मदीप,

जयभीम.

तुझं पोस्टकार्ड आलं नाही. मी माझ्या अकलेने मध आणला.

गाडीतळाजवळ एक माणूस स्टीलच्या बादलीत अख्खं पोळं घेऊन बसतो. वर दोन-चार मधमाश्या घोंघावत असतात. आता ज्याच्या मालावर खुद्द माश्या बसल्या आहेत, त्याच्यावर संशय कसा घ्यायचा? त्याने माझ्या डोळ्यांदेखत पोळं पिळलं. अर्धा किलो घेतला. घरी येऊन सगळ्या परीक्षा केल्या. पाण्याच्या पेल्यात थेंब टाकला, तो न विरघळता तळाशी गेला. काडीचं टोक मधात बुडवून काडी ओढली, ती पेटली. टीपकागदावर डाग पसरला नाही. तीनपैकी तीन गुण. मी तुझ्या आईला म्हटलं, घे, शंभर टक्के.

तिने बोट लावून चाटलं आणि म्हणाली, "अहो, हा गुळाचा पाक आहे. पाक चांगला झालाय."

मी चिडलो. तिने पातेल्यात पाणी कोमट केलं, डाळींच्या डब्यांमागून एक बाटली काढली आणि त्या पाण्यात ठेवली. तुझी बाटली. मी गेल्या वर्षी टाकून दे म्हणालो होतो, ती. वर्षभर ती तुझाच मध खात होती आणि मला पत्ता नव्हता. अर्ध्या तासात सगळे दाणे गेले आणि मध कोऱ्या चहासारखा लख्ख झाला.

मी म्हटलं, साखरही विरघळतेच.

तेव्हा ती म्हणाली, "थंडीत तूप थिजतं. तेव्हा तुम्ही तुपाला भेसळ म्हणता का हो?"

मी खाली जाऊन वॉचमनशी उगाचच पार्किंगवरून भांडलो. नंतर लायब्ररीत गेलो आणि मधावरची दोन पुस्तकं काढून बसलो. दोन्हीत एकच लिहिलं आहे, की मध थिजतो, तो त्याचा धर्म आहे. आणि पाण्याच्या, काडीच्या, कागदाच्या परीक्षा म्हणजे करमणूक आहे, त्यावरून काही ठरत नाही.

पुस्तकं छापणारेही चुकतात. मी स्वतः जाऊन बघणार आहे.

बाबा


हडपसर,
१६ डिसेंबर २०२४

चि. धम्मदीप,

काल खडकवासल्याच्या पलीकडे गेलो होतो, महिपतीकडे. ज्या मधपाळाचा मध तू विकायचास, तो. पत्ता तुझ्या बाटलीवरच होता. धरणापर्यंत बस, पुढे जीप आणि शेवटचा डोंगर पायी. गुडघ्यांचं सांगत नाही.

मी तुझा बाप आहे, हे त्याला सांगितलं नाही. मध घ्यायला आलोय म्हणालो. त्याने घोंगडी टाकली, पाणी दिलं. "काय करत होता सायेब?" असं विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, वजनमापात होतो. झालं! तो माणूस ताडकन उठला आणि आतून काटा घेऊन आला. "बगा सायेब, शिक्का हाय. औंदाचाच हाय." मी नको नको म्हणतो, तरी त्याने एक किलोचं माप ठेवून मला दाखवलं. त्याचे हात कापत होते. मी नोकरीत असताना असे हात रोज पाहिले आणि मला ते आवडायचे, हे तुला सांगायला हरकत नाही. काल आवडले नाहीत.

मग मी त्याला थिजण्याचं विचारलं.

"रवाळतोच की," तो म्हणाला. "सूर्यफुलावरचा तर म्हैनाभरात रवाळतो. आमी पेट्या उचलून सूर्यफुलाच्या रानात नेतो, सोलापूरकडं. त्यो मध थंडीत गच्च बसतो. जांभळाचा तसा न्हाई, त्यो येळ लावतो."

"म्हणजे थिजला की खरा?"

"तसंबी न्हाई. अन् न्हाई थिजला म्हणून खोटा, तसंबी न्हाई. नुसतं बघून मला सुदिक कळत न्हाई, सायेब. जल्म गेला ह्यात. मध घ्यायचा तर मानूस बघून घ्यायचा. ज्याच्याकडनं घेतो, त्यो ठावा पायजे."

धम्मदीप, मला माणूस ठाऊक होता. शाळेत सापडलेली कंपासपेटी परत करायला पावसात मैलभर गेलेला. कंपनीत साहेबाने खोटे तास भरायला सांगितले, तर न भरणारा. अठ्ठावीस वर्षं ज्याला घरात वाढताना पाहिलं, त्याला मी बाटलीच्या तळाशी बघून नापास केलं.

महिपतीने तुझं नाव आपण होऊन काढलं. चाळीस पेट्या होत्या, तुझं दुकान गेल्यावर दुसरं गिऱ्हाईक मिळेना, आता पंधरा उरल्यात. "दीपभाऊ येऊन माझ्या पाया पडला," तो म्हणाला. "म्हनला, मामा, माझ्यामुळं तुमचं नाव खराब झालं. आरं, तुझ्यामुळं कशानं? ज्यानं अर्ज केला त्याच्या घरात कदी कुनी गोड खाल्लं नसंल."

मी पाणी प्यालो. तांब्या रिकामा झाला तरी तोंडाला लावून बसलो. मध घेतला आणि आलो.

आईचा खोकला बरा आहे.

बाबा


हडपसर,
२७ डिसेंबर २०२४

चि. धम्मदीप,

मी आज सोसायटीच्या ग्रुपवर माफी मागितली. चार परिच्छेद लिहिले. मध का थिजतो, सूर्यफूल, ग्लुकोज, सगळं. माझी चूक झाली, माझ्या मुलाचा मध शुद्ध होता, असं स्पष्ट, सही करून.

आलेली उत्तरं खालीलप्रमाणे. सहा जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एकाने विचारलं, "कुठला मध? डिस्काउंट आहे का?" सेक्रेटरींनी लिहिलं, ग्रुप फक्त पाण्याच्या टँकरसाठी आहे. आणि तळमजल्यावरच्या विजयमालाबाईंनी लिहिलं, "असू दे हो काका, आपल्याच मुलाला आपण सांभाळून घ्यायचं असतं."

समजलं ना? मी खोटं बोललो तेव्हा सगळ्यांना पटलं. आता खरं बोलतोय, तर मी मुलाला पाठीशी घालतोय.

त्या व्हिडिओचं काही करता येईल का म्हणून समोरच्या शेफालीकडे गेलो. आयटीत आहे, हुशार आहे. तिने तिच्या फोनवर शोधला. अजून आहे. नमुना घेणारी माणसं, तू काउंटरमागे उभा, तुझे दोन्ही हात मेजावर. कुणीतरी मागून म्हणतंय, 'हे असले मध विकतात.' मी तो पहिल्यांदाच पाहिला. एका माणसाने तुझ्यापुढे कागद धरला आहे. तू नुसता त्या कागदाकडे बघतो आहेस.

"अंकल, एकदा व्हायरल झालं की गेलं," शेफाली म्हणाली. "रिपोर्ट मारते मी, पण लोकांनी डाउनलोड केलेला असतो ना. ऑनेस्टली, कुणाला आठवत पण नसेल. चिल करा."

मी घरी येऊन चिल केलं. म्हणजे खुर्चीत बसून राहिलो. आईने दोनदा जेवायला हाक मारली.

काय करू, ते तूच सांग. जाहिरात देऊ? लक्ष्मी रस्त्यावर पाटी घेऊन उभा राहू? मला खरंच काही सुचत नाही.

बाबा


हडपसर,
८ जानेवारी २०२५

धम्मदीप,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. पाचव्यांदा लिहितो.

अर्ज मी केला होता.

'कुणीतरी' असं मी तुला लिहिलं, आईलाही तेच सांगितलं, महिपतीसमोर तांब्यामागे तोंड लपवलं. तो कुणीतरी मी आहे. फोटो टाकल्यावर तू घरी येऊन म्हणालास, "बाबा, मध थिजतो, एवढं तरी वाचायचं होतंत." आईसमोर म्हणालास. मला वाटलं, चोर तो चोर, वर शिरजोर. दुसऱ्या दिवशी कॅम्पात जाऊन टायपिस्टकडून अर्ज करून घेतला. नाव लिहिलं नाही, 'एक जागरूक नागरिक' असं लिहिलं. बाकी मात्र सगळं रीतसर. दुकानाचा पत्ता, वेळ, मालाचं वर्णन आणि तू बाटल्यांवर हाताने क्रमांक घालायचास, तोही पुराव्यादाखल. बाटली क्रमांक ११२. अर्जात त्रुटी राहिली तर तो दप्तरात पडून राहतो, हे मला माहीत होतं. तो पडून राहू नये, याची मी काळजी घेतली.

का केलं, ते सांगतो. माफीसाठी नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा पेठेतले एक व्यापारी मला पाहून शेजाऱ्याला म्हणाले होते, 'आता हे आपली मापं बघणार.' हसून म्हणाले होते. त्या दिवशी मी ठरवलं, की आपल्यावर बोट ठेवायला जागाच ठेवायची नाही. एकतीस वर्षं कुणाचा चहा प्यालो नाही. दिवाळीची मिठाई दारातून परत केली, तू लहान होतास, रडायचास. आमच्यासारख्याला एक डाग लागला की तो एकट्याला लागत नाही, सगळ्या वस्तीला लागतो. मग माझ्याच घरातून भेसळीचा मध निघाला, असं मला वाटलं, आणि मी घाबरलो. कुणी दुसऱ्याने बोट दाखवण्याआधी आपणच दाखवावं, म्हणजे निदान हा रतन, तुझा बाप, तरी स्वच्छ राहील. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते मी झालो. तुझ्याकडे सात मिनिटं शांतपणे बसून 'हे दाणे कसले रे?' एवढं विचारलं असतं, तर भागलं असतं.

मला तुझ्याकडून क्षमा नको. शिव्या दे, पण आवाज ऐकू दे. आईला तू रविवारी फोन करतोस, तेव्हा ती गॅलरीत जाते आणि मी आत भांडी लावतो, मोठ्याने लावतो, म्हणजे मी ऐकत नाही असं तुम्हाला वाटावं. तुला घरी यायचं तर ये. मी त्या वेळी बाहेर जाईन म्हणशील, तर जाईन.

बाबा


हडपसर,
२६ जानेवारी २०२५

चि. धम्मदीप,

तुझी चिठ्ठी मिळाली. एक वर्ष आणि पंचवीस दिवसांनी तुझं अक्षर पाहिलं. मी ती इतक्यांदा वाचली आहे, की आता कागद न बघता लिहू शकतो. लिहितो, म्हणजे मी नीट वाचली हे तुला कळेल.

'बाबा, मला माहीत होतं. नमुना घ्यायला आलेल्या साहेबांनी अर्ज दाखवला होता. एकशे बारा नंबरची बाटली मी विकली नव्हती, घरी दिली होती. आईला त्याच दिवशी सांगितलं. आम्ही ठरवलं, तुम्हाला कळू द्यायचं नाही. तुम्ही विसरून जाल आणि मान वर करून चालाल, एवढं तरी राहील. म्हणून मी निघून आलो, कारण रोज समोर बसून माहीत नसल्यासारखं वागणं मला जमलं नसतं. तुम्ही सांगत नव्हता तोवर एक बरं होतं, मला काही ठरवावं लागत नव्हतं. आता ठरवावं लागेल. मला वेळ द्या.'

चिठ्ठी घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. आई भाकरी थापत होती. मी म्हटलं, "कांता, तुला ठाऊक होतं?"

तिने परातीतून हात काढला नाही. म्हणाली, "अहो, वर्षभर जीव मुठीत धरून बसले होते मी. तुम्ही झोपेत बडबडला तरी कानावर उशी घ्यायचे. कशाला लिहिलंत? तो येत होता. बुद्धपौर्णिमेला येतो म्हणाला होता, तुम्ही काही बोलला नाहीत तर येतो म्हणाला होता." आणि मग रडली. तिला रडताना मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

म्हणजे मी गप्प बसलो असतो, तर तू आला असतास. हे मला कुणी सांगितलं नाही आणि सांगणार तरी कसं? मी जे एकदाचं खरं केलं, तेही चुकीच्या वेळी केलं. तेरा महिने तुम्ही दोघं माझी मान सांभाळत होतात आणि मी बाहेर लोकांना तुझी व्यथा सांगत फिरत होतो.

तुला लिहिलेलं परत मागता येत नाही. पोस्टात विचारलं असतं तरी त्यांनी दिलं नसतं, आणि तुझ्या हाती पडून पंधरा दिवस झाले. तेव्हा तू ठरव. जे ठरवशील ते तुझं. मी आईला सांगितलं आहे, त्याला फोनवर यातलं काही विचारायचं नाही. मीही यानंतर पत्र लिहिणार नाही, नाहीतर घाई केल्यासारखं होईल.

तू वेळ मागितलास. मला एकोणसत्तरावं लागलं आहे, एवढंच लिहून थांबतो.

हे वाक्य लिहायला नको होतं. खोडत नाही, कारण खोडलं तरी तुला ते वाचता येईल.

बाबा